एअर रायफलचा ट्रिगर बदलायचाय? आधी हे तपासा

“सर, ट्रिगर जरा हलका करून द्या ना.” जळगाव-भुसावळकडच्या कोणत्याही दहा मीटर रेंजवर तासभर बसा, हे वाक्य कानावर पडतंच. मागणारा शाळकरी असो की पोलीस भरतीची तयारी करणारा, मागणी एकच. स्कोअर अडला की दोष ट्रिगरचा, आणि ट्रिगरचा दोष म्हणजे तो जड.

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक रायफलींचा ट्रिगर जड नसतो, तो चुकीच्या जागी असतो. बोट ब्लेडवर, म्हणजे ट्रिगरच्या ओढायच्या पट्टीवर, नीट बसत नाही. ओढण्याचा पहिला, हलका टप्पा कुठे संपला ते कळत नाही, म्हणून गोळी कधी सुटेल याचा अंदाज येत नाही. यात वजन कमी केलं की बेअंदाज ट्रिगर आणखी बेअंदाज होतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका: आधी जागा, मग टप्पे, मग वजन, आणि खिशात हात घालायचा तो सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. यूट्यूबवर “ट्रिगर अपग्रेड” शोधलं की अमेरिकेतल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे व्हिडिओ समोर येतात. दोन पिना काढल्या, जुना ट्रिगर बाहेर, नवीन डबी आत, दहा मिनिटांत काम फत्ते. ते तिथलं. आपल्याकडे बहुतांश सेमी-ऑटोमॅटिक रायफली सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेरच्या वर्गात येतात, आणि परवान्याच्या कोणत्याही बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार हा शस्त्र कायदा १९५९ नुसार परवानाधारक आर्मोररचा, म्हणजे बंदूक-कारागिराचाच, प्रांत आहे. घरी पेचकस घेऊन बसायचं काम नाही. शिवाय त्या व्हिडिओंत ज्याचं एवढं कौतुक असतं तो “रिसेट”, म्हणजे गोळी सुटल्यावर ट्रिगर पुढे येऊन पुन्हा अडकण्याचं अंतर, आपल्या एकेरी गोळीच्या रायफलीत बिनकामाचा आहे. आपण प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली घेतो, पेलेट भरतो, पुन्हा उभे राहतो. हा लेख ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलपुरता आहे. २० ज्यूलपर्यंतच्या अशा रायफलीला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल साडेसात ज्यूलच्याच आसपास असते.

रायफल कोणत्या जातीची आहे

सगळं इथून ठरतं. बॅरल, म्हणजे नळी, मोडून कॉक करायची (स्प्रिंग ताणून अडकवायची) रायफल असेल, तर ट्रिगरच्या आतला सिअर, म्हणजे स्प्रिंग अडवून धरणारा खटका, थेट किंवा जवळजवळ थेट त्या जाडजूड स्प्रिंगचा आणि दट्ट्याचा भार पेलत असतो. भार मोठा, म्हणून सिअरची पकड खोल, म्हणून ट्रिगर जड आणि लांब. साध्या रायफलीत दीड-दोन किलोचा ओढा सर्रास आढळतो. चांगल्या स्प्रिंग रायफलींत हा भार दोन-तीन तरफांतून टप्प्याटप्प्याने कमी केलेला असतो. जर्मनीच्या वाइराउख कंपनीचा रेकॉर्ड ट्रिगर त्यासाठीच जगभर नावाजला गेला, आणि डायनाचा टी०६ ही त्याच वाटेवरचा. अशा ट्रिगरला जुळवणीचे स्क्रू असतात, ते खरंच काम करतात.

पीसीपी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीची गोष्टच निराळी. तिथे ट्रिगरला फक्त एक छोटा हातोडा सोडायचा असतो, तो व्हॉल्व्हवर टकटक करतो आणि संपलं. भार इतका कमी की ट्रिगर १०० ग्रॅमवरही निर्धोक चालतो. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अनशूट्झ, स्टायर, पार्दिनी यांच्या मॅच रायफलींच्या कारखान्यातून येणाऱ्या ट्रिगरमध्ये सुधारणेला फारशी जागाच नाही. त्यात जुळवणीला मात्र भरपूर जागा आहे, आणि नव्वद टक्के लोक तो भाग करतच नाहीत.

आता ठणकावून सांगायची गोष्ट. स्प्रिंगच्या रायफलीचा सिअर घासून, पॉलिश पेपर मारून, “कट” कमी करून ट्रिगर हलका करणारे कारागीर आपल्याकडे गावोगाव आहेत. हात चांगले असतात त्यांचे, घड्याळापासून पंपापर्यंत सगळं दुरुस्त करतात. पण सिअरच्या पृष्ठभागाचा कडक थर पातळ असतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू झिजत जातो आणि एक दिवस पेलेट भरताना, नळी मोडलेली असताना, सिअर सुटतो. नळी फाडकन वर येते, आणि त्या वेळी अंगठा नळीच्या मागच्या तोंडाशी असतो. बोट जातं. म्हणून स्प्रिंगची रायफल भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, कोणाचाही ट्रिगर असो. आणि घासलेल्या सिअरची रायफल फुकट मिळाली तरी घ्यायची नाही.

दोष ट्रिगरचाच आहे का

हे न तपासता पैसे घालवणारे खूप. तीन गोष्टी करून बघा.

पहिली, कोरा कागद. निशाणाच्या जागी पांढरा कोरा कागद लावा आणि त्याच्या मधोमध अंदाजे नेम धरून दहा गोळ्या मारा. काळा गोल समोर नसला की डोळा “आत्ता, आत्ता” म्हणून बोटाला घाई करत नाही. कोऱ्या कागदावर ट्रिगर गुळगुळीत वाटला आणि निशाण लावल्यावर झटके यायला लागले, तर दोष ट्रिगरमध्ये नाही. तो उतावळेपणा आहे, आणि तो कुठल्याच दुकानात सुटा पार्ट म्हणून मिळत नाही.

दुसरी, जोडीदाराकडून भरून घ्या. मित्राला पाठमोरं उभं राहून रायफल भरायला सांगा, कधी पेलेट टाकून, कधी न टाकता. तुम्हाला माहीत नसावं. रिकाम्या वेळी फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) खाली किंवा बाजूला उडाली की समजायचं, गोळी सुटण्याच्या भीतीने तुम्ही आधीच रायफल ढकलताय. ही तपासणी फक्त पीसीपीवर करा. स्प्रिंगची रायफल पेलेटशिवाय कधीच सोडायची नाही, दट्ट्या पुढच्या भिंतीवर आपटतो आणि सील फाटतं.

तिसरी, छिद्रांचा आकार. उजव्या हाताच्या नेमबाजाची छिद्रं आडवी पसरत असतील तर बोट ब्लेडला बाजूने ढकलतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. शंकाच म्हणतो, कारण पायांची ठेवण चुकली तरी छिद्रं आडवीच पसरतात. डोळे मिटून, मान हलवून, पुन्हा उघडा. फोरसाइट निशाणाच्या बाजूला गेलेली दिसली तर आधी पाय सरकवा, ट्रिगर नंतर.

हे सगळं इतकं बारकाईने का, त्याचा हिशोब सोपा आहे. दहा मीटरच्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एका गुणाच्या वर्तुळापासून दुसऱ्या गुणाच्या वर्तुळापर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. बट खांद्याला आणि नळीचं तोंड तिथून साधारण मीटरभर पुढे धरलं, तर ते तोंड पाव मिलिमीटर हललं की निशाणावर अडीच मिलिमीटर, म्हणजे अख्खा एक गुण गेला. दशांशाच्या मोजणीत तर प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ जातो. बोटाच्या पेरावरची कातडी नुसती तिरकी घसरली तरी एवढी हालचाल होते.

वजन मोजायचं कसं

ट्रिगर गेज असेल तर उत्तम. नसेल तर अडायचं कारण नाही. औषधाची छोटी प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिला पक्का दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला तारेचा आकडा. आता जळगावात काट्यांची वानवा नाही, सराफ बाजारातल्या ओळखीच्या दुकानात पाच मिनिटं बसलात तरी काम होतं. बाटली, दोरा, आकडा यांचं वजन करून घ्या आणि बाटलीवर लिहून ठेवा. पुढे पाण्याचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, सिरिंजने मोजून टाका.

रायफल कॉक केलेली पण रिकामी, नळी सरळ वर आभाळाकडे. आकडा ब्लेडवर बोट जिथे बसतं तिथेच लावा. टोकाला लावला तर वजन कमी दाखवतो, मुळाशी लावला तर जास्त. रायफल हळूहळू वर घेत बाटली उचला. झटका दिला की हिशोब चुकला. किती पाण्यावर पहिला टप्पा पूर्ण मागे जातो ते लिहा, किती पाण्यावर सुटतो ते लिहा. पाच वेळा करा. पाच आकड्यांत फरक किती, हे सरासरीपेक्षा महत्त्वाचं. पाचही वेळा १३० ते १३५ च्या दरम्यान सुटणारा ट्रिगर चांगला. ९० ला, मग १२०ला, मग १०० ला सुटणारा ट्रिगर हलका आहे, पण बिघडलेला आहे. त्याला आधी सफाई हवी.

स्प्रिंगच्या रायफलीला हा प्रयोग असा करू नका, कारण रिकामी सुटली तर नुकसान. तिथे पेलेट भरून, पेलेट ट्रॅपकडे (पेलेट अडवणाऱ्या पेटीकडे) तोंड करून, साध्या स्प्रिंग काट्याने ओढा. आकडा थोडा ढोबळ येईल, चालतं.

ब्लेड कुठे हवं

आमच्याकडे यावलकडून एक मुलगी यायची, दहावीतली. रायफल क्लबची, जुनी पण चांगली मॅच रायफल. पहिल्या वीस गोळ्या छान, मग हळूहळू घसरगुंडी, शेवटच्या वीसमध्ये आठ-आठ. घरच्यांचं ठरलं होतं की रायफल जुनी झालीय. मी तिला नुसतं उभं केलं आणि मोबाइल ग्रिपजवळ धरून बोटाचा व्हिडिओ काढला. हात लहान, ब्लेड मात्र आधीच्या उंच मुलाच्या बोटासाठी पार पुढे नेलेलं. “काका, बोट पुरतच नाही ना, म्हणून मी हात पुढे घेते,” ती म्हणाली. हात पुढे घेतला की अंगठ्याखालचा तळवा ग्रिपवरून सुटायचा, तर्जनीचं मधलं पेर लाकडाला घासायचं, आणि थकवा यायला लागला की हे घासणं वाढायचं. ब्लेड रुळावर सरकवून मागे घेतलं, ग्रिपच्या मागे पातळ रबरी पट्टी लावली. त्या दिवशी वजनाच्या स्क्रूला हातही लावला नाही.

जागा ठरवण्याची रीत सांगतो. रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवायला नळीत घालायची रंगीत दोरी) आत. नेहमीच्या पोझिशनमध्ये उभे राहा, हात ग्रिपवर जसा स्वस्थ पडतो तसा पडू द्या. बोट आत न घालता सरळ पुढे ठेवा. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, मग बोट वाकवा. ते जिथे टेकतं तिथे ब्लेड यायला हवं. ब्लेडने बोटाकडे यायचं असतं, बोटाने ब्लेडकडे जायचं नसतं.

बोटाचा कोणता भाग टेकावा? टोक आणि पहिला सांधा यांच्या मधली मऊ गादी. सांध्याची घडी टेकत असेल तर ब्लेड फार मागे, नखाजवळचं टोक टेकत असेल तर फार पुढे. दुसऱ्या सांध्यापाशी बोट काटकोनाच्या जवळपास वाकलेलं असावं, आणि बोटाचा मुळाकडचा भाग लाकडाला कुठेही लागता कामा नये. बोट आणि स्टॉकमधून रेल्वेच्या तिकिटाएवढा कागद आरपार सरकला पाहिजे.

मॅच रायफलींत ब्लेड पुढे-मागे सरकतं, डावी-उजवीकडे वळतं, काहींत वर-खालीही होतं, आणि हे सगळं एक-दोन छोट्या ॲलन स्क्रूंवर. हे स्क्रू नाजूक. बाजारातली चिनी ॲलन की गोलाकार झालेली असते, ती स्क्रूचं डोकं खाऊन टाकते. चाव्यांचा एक चांगला संच घ्या, ट्रिगरवर करायचा पहिला खर्च हाच. ब्लेडचं तोंड असं वळवा की बोटाचा ओढा नळीला समांतर, सरळ मागे जाईल. आरशासमोर किंवा मोबाइलवर वरून बघितलं की कळतं. जागा ठरली की पेन्सिलीने रुळावर खूण करा आणि दोन आठवडे तिला हात लावू नका. बोटाला सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच, आणि रोज थोडं-थोडं सरकवणाऱ्याला कधीच काही कळत नाही.

दोन टप्पे

मॅच ट्रिगर दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात ब्लेड हलक्या दाबाने मागे येतं आणि एका जागी थांबतं. तिथे भिंत लागल्यासारखी वाटली पाहिजे. मग थोडा दाब वाढवला की गोळी सुटते, ब्लेड हललं असं जाणवतही नाही. एका टप्प्याचा ट्रिगर काही अनुभवी लोकांना आवडतो. शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पहिला टप्पा ही बोटाला मिळालेली खबर असते: आलो, टेकलो, आता तयार. थंडीत बधिर झालेल्या बोटाला, स्पर्धेत थरथरणाऱ्या बोटाला ती खबर फार उपयोगी पडते.

भिंत नीट कळत नसेल तर बहुतेकदा दुसऱ्या टप्प्याचा सिअर-स्क्रू हललेला असतो. जास्त फिरला असेल तर भिंतच गायब होते आणि पहिल्या टप्प्यातच गोळी सुटते. हे धोक्याचं. कमी फिरला असेल तर भिंतीनंतर ब्लेड ओढत-घसटत जातं, चिखलातून पाय काढल्यासारखं. रायफलीचं मॅन्युअल काढा, सगळ्या कंपन्यांची मॅन्युअल नेटवर मिळतात, आणि कोणता स्क्रू कशाचा हे आकृतीत बघूनच हात लावा. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा आहे. आधी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, म्हणजे परत यायला वाट राहते. मग पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही. एक स्क्रू, पाव फेरा, दहा वेळा रिकामी सोडून बघा, वहीत लिहा. दोन स्क्रू एकाच वेळी फिरवले की कशाने काय झालं ते देवालाही कळत नाही.

एकूण वजनातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यात ठेवावा, असं माझं मत. समजा १२० ग्रॅमचा ट्रिगर आहे, तर ऐंशीएक पहिल्या टप्प्यात, बाकी दुसऱ्यात. दुसऱ्या टप्प्यात फार थोडं ठेवलं तर भिंत कळत नाही, फार ठेवलं तर शेवटी जोर लावावा लागतो. काही प्रशिक्षक अर्धं-अर्धं सांगतात. तुमचे सर तसं सांगत असतील तर त्यांचं ऐका, ते तुम्हाला रोज बघतात.

आणि मग वजन

दहा मीटर एअर रायफलला आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला आहे, ५०० ग्रॅम, आणि ती स्पर्धेत वजन लटकवून तपासली जाते. घरात भावाकडे रायफल आणि बहिणीकडे पिस्तूल असेल तर एकाचं बघून दुसऱ्याचं करू नका. शाळा आणि राष्ट्रीय नियमांच्या ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम), पीप साइट (बारीक भोकातून नेम) प्रकारांसाठी त्या-त्या वर्षाचं परिपत्रक वाचा.

मर्यादा नाही म्हणजे पन्नास ग्रॅम करायलाच हवं असं नाही. नवख्याने १५० च्या आसपास सुरुवात करावी. बोट ब्लेडवर टेकवून पाच सेकंद नेम धरता आला, गोळी न सुटता, तर वजन योग्य. बोट टेकवायचीच धास्ती वाटत असेल, शेवटच्या क्षणापर्यंत बोट हवेत राहत असेल, तर ट्रिगर तुमच्यासाठी फार हलका आहे, गेज काहीही म्हणो. सहा महिन्यांनी दहा-पंधरा ग्रॅम उतरवा. डिसेंबरच्या सकाळी, धुळ्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, बोटाला ८० ग्रॅम कळतच नाहीत. उन्हाळ्यात जुळवलेला ट्रिगर हिवाळ्यात घातक ठरतो तो असा.

स्प्रिंगच्या रायफलीत सातशे-आठशे ग्रॅमपर्यंत स्वच्छ सुटत असेल तर हात जोडा आणि सरावाला लागा.

गोळी सुटल्यानंतर ब्लेड किती मागे जातं, तो ओव्हरट्रॅव्हल. फार असला तर बोट मोकळं सुटून मागे आपटतं, आणि पेलेट अजून नळीत असताना रायफल हलते. अगदी शून्य केला तर कधीतरी सिअर पूर्ण सुटतच नाही, विशेषतः धूळ गेल्यावर. स्टॉप-स्क्रू गोळी सुटेनाशी होईपर्यंत आत घ्या, मग तिथून अर्धा फेरा बाहेर.

आता सुरक्षेची तपासणी. ही टाळणाऱ्याला मी रेंजवर उभं करत नाही. पीसीपी रिकामी, कॉक केलेली, नळी ट्रॅपकडे. बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा. बट जाड रबरी मॅटवर वीतभर उंचीवरून पाच-सहा वेळा टेकवा. बाजूने तळहाताने थापट्या मारा. एकदाही सुटली तर दुसऱ्या टप्प्याची पकड वाढवा आणि पुन्हा पहिल्यापासून तपासा.

आता खरेदी

एवढं करूनही काहीतरी कमी वाटत असेल तर दुकानाकडे वळा. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू म्हणजे ब्लेड. मूळ ब्लेड गुळगुळीत आणि अरुंद असतं. एमईसी, टेक-एचआरओ अशा जर्मन कंपन्यांची ब्लेडं रुंद, खोलगट, किंवा बोट एकाच जागी बसावं म्हणून उभ्या दांडीची असतात. घामेजल्या बोटाला, म्हणजे मार्च ते जून आपल्या सगळ्यांनाच, बारीक खाचांचं ब्लेड बरं. खोलगट ब्लेड बोटाला एका जागी डांबून ठेवतं, ज्याची जागा अजून पक्की नाही त्याने ते घेऊ नये. घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या रुळाची जाडी कॅलिपरने मोजून दुकानदाराला फोटोसकट पाठवा. “सगळ्यांना बसतं” यावर विश्वास ठेवू नका.

स्प्रिंगच्या रायफलीसाठी पूर्ण ट्रिगर युनिट किंवा धातूचं ब्लेड परदेशात मिळतं. तुमच्या रायफलीचं मॉडेल परदेशी असेल तर विचार करावा. देशी रायफल बऱ्याचदा परदेशी मॉडेलवरून बेतलेली असते, पण पिनांची जागा नेमकी तीच असेल असं नाही. पार्सल, कस्टम, वाट पाहणं, आणि शेवटी पिनेच्या भोकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक. मी तरी त्या पैशात भारतीय बनावटीची साधी पीसीपी रायफल घेण्यासाठी बचत सुरू करायला सांगेन.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हा चर्चेचा लाडका विषय. बोटाने स्विच दाबला जातो, सोलेनॉइड हातोडा सोडतो. वजन वर्षभर तसूभर बदलत नाही, आणि रिकामा सराव करताना बोल्ट ओढावा लागत नाही, हे दोन खरे फायदे. पण बॅटरी, वायर, सर्किट आलं. बिघडला तर जळगाव-धुळ्यात तो उघडणारा कोणी मिळणं कठीण, मुंबई-पुण्याला पाठवा आणि तिथूनही कधी जर्मनीला. राज्य स्पर्धेच्या आठवड्यात हे झालं तर दुसरी रायफल कपाटात आहे का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

जुनी मॅच रायफल घेत असाल तर ट्रिगरचा गाळा उघडून दाखवायला सांगा. स्क्रूची डोकी खाल्लेली असतील तर आधीच्या मालकाने खूप उचापती केल्यात. सिअरच्या धारेवर नख फिरवा, नखाला खरखर लागता कामा नये. सिलिंडरवरची मुदतीची तारीख बघा. साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. वरची पाच-वेळा-मोजण्याची तपासणी त्याच्यासमोरच करा. “जाऊ दे ना भो, एवढं कोण बघतं,” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

कापूस, धूळ आणि ऊन

खान्देशात ट्रिगर बिघडायचं पहिलं कारण रुई. नोव्हेंबरपासून जिनिंग सुरू झालं की हवेत तंतू तरंगत असतात, आणि ट्रिगरच्या गाळ्यात ग्रीस असेल तर ते तिथे जाऊन नमदा बनवतात. वरून मे महिन्यातली धूळ. म्हणून सिअरवर ग्रीसचा लपका कधीच नको. कंपनीने सांगितलेलं वंगण, काडीच्या टोकाएवढं. शिलाई मशीनचं तेल लोक सर्रास टाकतात. ते धूळ धरतं. आणि हवेच्या वाटेत, व्हॉल्व्हपाशी, पेट्रोलियमचं तेल गेलं तर दाबाखाली पेट घेण्याचा धोका असतो. तिथे सिलिकॉनशिवाय काही नाही. सफाईला रंगकामाचा मऊ ब्रश आणि हवेचा रबरी फुगा पुरे. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

रायफल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. भुसावळला मेमध्ये पंचेचाळीसच्या वर तापतं, बंद गाडीत साठ सहज. सत्तावीस अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर साठला २२० च्या पुढे जातो. ब्लेडचे स्क्रूही तापून-निवून सैल होतात. आठवड्याला एकदा चावी लावून नुसतं तपासायचं, आवळायचं नाही, हललाय का तेवढं बघायचं.

स्पर्धेला जाण्याआधी

किमान तीन आठवडे आधी जुळवणी बंद. शेवटच्या वजनाचा आकडा, ब्लेडच्या खुणेचा फोटो आणि नेलपॉलिशच्या रेघांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. प्रवासात काही हललं तर हॉटेलच्या खोलीत दहा मिनिटांत परत आणता येतं. सामानात ॲलन कीचा संच, ब्लेडचा एक जादा स्क्रू आणि पाण्याची ती बाटली. सेफ्टी फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीचा हवा, तुकडा चालत नाही.

उपकरण तपासणी झाल्यावर ट्रिगरला हात लावायचा नाही. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांच्या तयारीच्या वेळेत पहिल्या काही वेळा नुसतं कोरडं सोडा आणि भिंत जिथे होती तिथेच आहे ना ते बघा. नसली तर घाबरून स्क्रू शोधू नका. आधी हात ग्रिपवरून काढा, झटका, पुन्हा बसवा. बहुतेक वेळा हातच अर्धा सेंटिमीटर वर बसलेला असतो.